लष्करी धाकाने लढाई आवरते. तंटा कशाने मिटतो?

भुसावळकर (धागाकर्ता):
भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींमुळे आपल्या भागात लष्करी सामर्थ्याविषयी अभिमान असणे स्वाभाविक आहे आणि तो मलाही आहे. मात्र मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर एक मत सतत कानावर येते, की शत्रूला पुरेशी जरब बसवली की वाटाघाटींची गरजच उरत नाही. हे मत मला मान्य नाही. धाकामुळे समोरचा थांबतो. परंतु त्याने माघार घ्यावी यासाठी त्याला काही तरी द्यावे लागते आणि ते बलवान पक्षालाही चुकत नाही.

ऑक्टोबर १९६२ मधील क्युबाचा पेच पाहा. अमेरिकी नौदलाने क्युबाची नाकेबंदी केली आणि तिथली सोव्हिएत क्षेपणास्त्रे परत गेली, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांची भेट घेतली आणि तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेतली जातील असे सांगितले, मात्र ही गोष्ट उघड करायची नाही या अटीवर. ती क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३ पर्यंत खरोखरच हलवली गेली. जगातील सर्वांत बलाढ्य नौदल पाठीशी असतानाही राष्ट्राध्यक्ष केनेडींना ही किंमत मोजावी लागली.

धुळेकर:
भाऊ, तुमचे उदाहरण मला उलट दिशेने नेते. नाकेबंदी नसती, तर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह वाटाघाटींना बसलेच नसते. आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. ऑगस्ट १९६५ मध्ये आपल्या जवानांनी पाकव्याप्त काश्मीरमधील हाजी पीर खिंड जिंकली आणि जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर ती परत केली. त्या बदल्यात काश्मीरचा तंटा मिटला का? युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे सोडून दिली, १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटनकडून सीमांच्या आदराची लेखी हमी घेतली, आणि २० वर्षांत क्रिमिया गमावला. कागदामागे बळ नसेल, तर त्या कागदाला अर्थ नसतो.

भुसावळकर:
युक्रेनविषयी एक तपशील सुटतो. ती अण्वस्त्रे युक्रेनच्या भूमीवर होती, पण ती डागण्यासाठीचे संकेतांक मॉस्कोच्या हाती होते. म्हणजे वापरता येईल असा अण्वस्त्रांचा धाक युक्रेनच्या हाती नव्हताच. बुडापेस्टच्या कागदात हमी मोडल्यास काय करायचे याची ठोस तरतूद नव्हती, हा दोष मात्र मोठा आहे आणि तो करार करणाऱ्यांचा आहे.

अमळनेरकर ताई:
दोघेही धाक बसतो हे गृहीत धरून बोलत आहात. मे १९९८ मध्ये आपल्या पोखरण आणि पाकिस्तानातील चगाई येथे अणुचाचण्या झाल्या, फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि त्याच सुमारास पाकिस्तानी सैनिक कारगिलच्या शिखरांवर ठाणी मांडत होते. दोन्हीकडे अण्वस्त्रे आहेत, तेव्हा भारत मोठे युद्ध करणार नाही, या हिशेबानेच ते धाडस झाले. आपल्या हवाई दलालाही नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा आदेश होता. अण्वस्त्रांच्या धाकाने मोठे युद्ध टळले हे खरे, पण त्याच धाकाने छोट्या युद्धाचा धोका पत्करण्याजोगा करून ठेवला, आणि आपले ५०० हून अधिक जवान त्यात गेले.

अपघाताचाही विचार करावा. ९ मार्च २०२२ रोजी भारताकडून चुकून सुटलेले ब्राह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक शीर्ष नव्हते, जीवितहानी झाली नाही आणि पाकिस्तानने प्रतिहल्ला केला नाही. चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा दोन्ही देशांतील २००५ चा करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. ब्राह्मोससारखी, विमानाप्रमाणे हवेतून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. असाच प्रसंग मे २०२५ मधील त्या चार दिवसांत घडला असता, तर ती चूक आहे हे कोणी कोणाला कसे पटवले असते? ही उणीव अधिक शस्त्रांनी भरून निघणार नाही, त्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रेही आणावी लागतील.

धुळेकर:
ताई, कारगिलवरून मी वेगळा निष्कर्ष काढतो. तिथे पहाराच ढिला होता, म्हणून ते वर चढले. चीनशी १९९६ मध्ये करार होता, प्रत्यक्ष ताबा रेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचा. तरीही जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान मारले गेले. ऑगस्टच्या अखेरीस आपल्या सैन्याने लडाखमधील कैलास रांगेतील उंच जागा ताब्यात घेतल्या, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या पँगाँग सरोवराच्या काठावरून चिनी फौज मागे हटली. चर्चेच्या फेऱ्या त्याआधीही चालूच होत्या.

भुसावळकर:
पँगाँगच्या बदल्यात आपण त्याच उंच जागा सोडल्या, दादा. बळाने कमावलेली वस्तू चर्चेत मोजून दिली, तेव्हा दुसरी बाजू हलली. यालाच मी देवाणघेवाण म्हणतो. आणि त्यानंतरही लडाखमधल्याच देप्सांग व डेमचोकमधील गस्तीचा प्रश्न ऑक्टोबर २०२४ पर्यंत लांबला.

तुमच्याच तालुक्यातील जवानाची गोष्ट आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्जिकल स्ट्राइक झाला, त्याच दिवशी तो अनवधानाने नियंत्रण रेषेपलीकडे गेला. सीमेवर तोफा धडधडत असताना दोन्ही लष्करी मोहीम महासंचालकांमधील हॉटलाइनवरून त्याची माहिती दिली गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो वाघा सीमेवरून परत आला. १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी फोन आला तोही याच मार्गाने, आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवण्याचे ठरले.

धुळेकर:
हॉटलाइनला माझा विरोध मुळीच नाही. १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, तेही चालू राहावे. क्रूझ क्षेपणास्त्रांविषयीची ताईंची सूचनाही मला पटते. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: घुसखोरी थांबल्याची खात्री पटण्याआधी सीमेवरील फौज कमी करण्याचा विषय चर्चेत येऊ नये. तुमची देवाणघेवाण तिथून सुरू होणार असेल, तर आपले जमणार नाही.

अमळनेरकर ताई:
तिथून कोणीच सुरुवात करा म्हणत नाही. २००५ च्या करारात एक कलम वाढवायला एकही जवान मागे घ्यावा लागत नाही.