१९७९ चा प्रिसिजन बास, 'सगळं ओरिजिनल' म्हणतायत, एवढे पैसे द्यावेत का?

चार_तारी
लोकहो मदत करा, डोकं चालेनासं झालंय. एक जुना फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास (बास गिटार) मिळतोय, काळा, फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) मेपल लाकडाचा. विकणारे काका म्हणतात १९७९ चा आहे आणि सगळं ओरिजिनल आहे. हेडस्टॉकवरचा (तारा आवळायच्या टोकावरचा) नंबर एस९ ने सुरू होतो. किंमत मात्र त्याच कंपनीच्या नव्याकोऱ्या चांगल्या बासच्या दुपटीच्या वर सांगतायत. मी बारा वर्षं वाजवतोय पण जुन्या वाद्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. वाजवून बघितला तर आवाज इतका दणदणीत की घरी आल्यावर स्वतःचा बास हातात घ्यावासा वाटेना. वजन ४.८ किलो, पॉट (आवाज-टोनची बटणं) फिरवले की खरखर, आणि पहिल्या पाच फ्रेटना (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) तारांनी चांगले खड्डे पाडलेत. घेऊ की सोडू?

जुनं_फर्निचर
आवाज ऐकून घायाळ झालास ना, मग आता दोन दिवस तिकडे फिरकू नकोस, हे पहिलं. दुसरं, जुना म्हणजे महाग असं सरसकट नसतं. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने फेंडर विकत घेतली, त्याच्या आधीच्या वाद्यांना जो भाव येतो तो वेगळाच. सत्तरच्या दशकातल्यांना एकेकाळी लोक नाकं मुरडायचे, जड आहेत, काम ढिसाळ आहे म्हणून, आणि आता जुने मिळेनासे झाले तर तेच 'व्हिंटेज'. ४.८ किलो त्या काळच्या अॅश लाकडाच्या बॉडीला नवल नाही, पण दोन तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवून बघ, खांदा काय तो निकाल देईल. नुसता वाजवायलाच हवा असेल तर १९८२-८४ मधले जपानी फेंडर, जेव्ही नंबरवाले, ते बघ. कारागिरी उत्तम आणि बरेच स्वस्त पडतात.

सोल्डरबाबा
एस९ वर विसंबू नकोस. तो नंबर हेडस्टॉकवरच्या स्टिकरमध्येच छापलेला असायचा आणि एस९ वाले नेक (दांडे) ८०-८१ पर्यंत बसवलेले सापडतात. काकांना विचारून पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) उघड आणि पॉटच्या पाठीवरचा आकडा वाच. समजा १३७८०१७ असा असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ८० म्हणजे १९८०, १७ म्हणजे सतरावा आठवडा. यावरून एवढंच कळतं की बास त्याच्या आधी बनलेला नाही, पॉट कारखान्यात महिनोन्महिने पडून असायचे. एक-दोन वर्षांच्या फरकाने भाव फारसा हलत नाही म्हणा, पण काका किती खात्रीने बोलतायत ते कळेल 😄 सोल्डरही बघ, कोणी नंतर हात मारला असेल तर तिथे वेगळीच चमक नाहीतर गोळा दिसतो. खरखर म्हणशील तर क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते, तेवढ्यासाठी जुना पॉट काढून फेकू नका रे कोणी.
पिकअपची (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकांची) काळजी नको. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन्ही तुकडे सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) असतात, एकाची वायर तुटली तरी सगळा आवाज किरटा होतो. दणदणीत आहे म्हणतोस म्हणजे तिथे निवांत.

घुमतोय_ई
सगळे नंबर वाचत बसलेत, नेककडे कोण बघणार?? एक तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीजवळच्या फ्रेटवर दाब, मधे सातव्या-आठव्याशी फट किती राहते बघ. जाड कागद जाईल एवढी असेल तर ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉडला (नेकमधल्या सळईला) अजून आवळायला जागा उरलीये का ते बघावं लागेल, आणि या बासच्या रॉडचा नट नेकच्या टाचेला (बॉडीकडच्या टोकाला) असल्यामुळे तारा सैल करून नेक काढल्याशिवाय नीट कळणार नाही. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला निघाला तर सरळ घरी ये.
आणि ते खड्डे हलक्यात घेऊ नको, मेपलच्या बोर्डावर लॅकर (वार्निशसारखा थर) असतं, फ्रेट बदलले की ते पण नव्याने करावं लागतं, रोझवूड लाकडाच्या बोर्डापेक्षा खर्च जास्त.

चार_तारी
काकांनी परवानगी दिली, बिचारे स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. पॉटवर खरंच १९८० चा आकडा आहे, दोन्हींवर. टाचेचा नट अजून बराच फिरतो, फट कागदाएवढीच. पण पिकगार्डखाली काळ्या रंगाच्या कडेने सनबर्स्ट (कडेला गडद, मधे फिकट रंग) डोकावतोय!! काका म्हणाले मी घेतला तेव्हापासून काळाच होता.

सोल्डरबाबा
काका खोटं बोलत असतील असं नाही. कारखान्यातच सनबर्स्टवर दुसरा रंग मारलेलेही मिळतात. पिकगार्डच्या स्क्रूंची भोकं बघ, ती रंगकामानंतर पाडायचे, आत काळा रंग उतरलेला असेल तर नंतर कोणीतरी रंगवलाय.

चार_तारी
आत काळाच आहे. बहुतेक भोकांत.

जुनं_फर्निचर
मग झालं. नंतर रंगवलेल्याचा भाव साधारण अर्ध्यावर येतो, बाकी सगळं मूळ असलं तरी. संग्राहक फिरकत नाही आणि तुझ्यासारख्या वाजवणाऱ्याचं फावतं. फ्रेटचा खर्च आधी लूथिअरकडून (गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून) लिहून घे, तो वजा कर आणि मग आकडा सांग. आणि सांगताना रंगाचं काकांना दाखवून सांग, पाठीमागे नको, त्यांनीही कधीतरी पूर्ण पैसे मोजले असतील.

चार_तारी
तसंच केलं. त्यांच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं वर सांगितलं, भोकं टॉर्च लावून दाखवली. खूप वेळ गप्प होते, मग म्हणाले रविवारपर्यंत विचार करतो. नेक मी परत बसवून दिलाय.

सोल्डरबाबा
रविवारी घेतलास तरी नेकच्या स्क्रूंना सारखा हात लावू नकोस, जुन्या लाकडातली भोकं लवकर सैल होतात.