कढीपत्त्यावर अळ्या आल्यात, औषध मारू का? आणि आपल्या साष्टी बेटावर झाडं-फुलपाखरं-पक्षी कुठे बघायचे?

मुलुंडची_प्राची:
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न आहेत पण एकमेकांत गुंतलेत म्हणून एकाच धाग्यात विचारते. आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो. कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं अळ्या साफ करतायत. काही बारक्या, काळपट-पांढऱ्या, बघितलं तर पक्ष्याची शीट पडलीय असंच वाटतं, आणि काही मात्र बोटाच्या पेराएवढ्या हिरव्यागार. काडीने जरा हलवलं की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढतात आणि उग्र आंबटसर वास येतो. सासूबाई म्हणतात औषध मार, लेक म्हणते फुलपाखरू होणार आहे हात लावायचा नाही. रोज फोडणीला लागणारं झाड आहे त्यामुळे मलाही औषध नकोच वाटतंय.

दुसरं म्हणजे लेकीला शाळेत 'बेटावरचे जीव' असा विषय दिलाय, पाचवीत आहे. सगळी मुलं अंदमानवर करतायत. मी म्हटलं आपण राहतो ते साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्यावर वसलीत ते, पण बेटच आहे ना, मग इथलंच कर. आता पावसाळ्यात तिला घेऊन काय बघू आणि कुठे? गाडी नाहीये, ट्रेन-बसने जमेल असं सांगा.

रानवाटा_बोरिवली:
ताई औषध अजिबात मारू नका प्लीज. तुम्ही जे वर्णन केलंय ना ते कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळीचं आहे. लहानपणी शीट, मोठेपणी हिरवं पान, दोन्ही लपायचीच सोंगं, आणि ती शिंगं म्हणजे मुंगी किंवा कोळी जवळ आला की त्याला पळवून लावायचं शस्त्र, वास त्याचाच. लिंबाच्या कुळातलं झाड असलं की ही मादी बरोबर शोधत येते, कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं एकेकटं चिकटवून जाते. तीनचार दिवसांत अळी, मग साधारण दोन आठवडे खाणं, मग कोष, आणि आणखी दहाबारा दिवसांत फुलपाखरू. कढीपत्ता मरत नाही हो, पावसाळ्यात परत दणकून फुटतो. कुंडी अगदीच छोटी असेल तर दुसरी एक कुंडी लावा, एक घरासाठी एक त्यांच्यासाठी.

लेकीला एक गंमत दाखवा. कॉमन मॉर्मनची मादी दोनतीन रूपांत येते, एक रूप नरासारखं साधं काळं-पांढरं आणि बाकीची कॉमन रोज आणि क्रिमसन रोज या फुलपाखरांची हुबेहूब नक्कल. ही दोन्ही फुलपाखरं लहानपणी, अळी असताना, सापसंदाच्या वेलाची पानं खातात, ती विषारी असतात आणि ते विष फुलपाखरू झाल्यावरही अंगात राहतं, म्हणून पक्षी त्यांना सोडून देतात. मॉर्मन बिनविषारी, कढीपत्ता खाऊन मोठी झालेली, पण कपडे विषारीचे. ही नक्कल तुमच्या गॅलरीत तयार होतेय, प्रोजेक्टला अजून काय पाहिजे!

बेटाचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की फुलपाखरं मोजत फिरण्यापेक्षा आधी झाडं ओळखायला शिकवा. प्रत्येक फुलपाखराची अळी ठरावीकच झाडं खाते, त्यामुळे झाड कळलं की जीव आपोआप सापडतो. आपल्या नॅशनल पार्कात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, जे साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे, फुलपाखरांच्या दीडशेच्या वर आणि पक्ष्यांच्या अडीचशेच्या वर जाती नोंदल्यात ते उगाच नाही, तिथे झाडांची एवढी विविधता टिकलीय म्हणून. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन म्हणजे निलवंत हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं देशातलं आपलं पहिलं राज्य, ते पार्कात हमखास दिसतं, काळ्या पंखांवर निळी झाक, तळहाताएवढं. त्याची अळी जंगलात माकडलिंबूवर वाढते, घराजवळ साध्या लिंबावर नाहीतर पपनसावर.

बोरिवली स्टेशनवरून पूर्वेला चालत गेट आहे. सोमवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. पाऊस थांबून कडक ऊन पडलं की नऊ ते अकरा ही वेळ सोन्याची. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर नर फुलपाखरं क्षार शोषायला जमतात, कॉमन जे आणि एमिग्रंट तर घोळक्याने. तिथे उभं राहून शांत बघायचं, पाय आपटले की सगळी उडतात. कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर तेरडा फुललेला असेल, कळलावीही दिसेल, पण कळलावी विषारी आहे, मुलांना तोडू देऊ नका.

शिवडीचा_नंदू:
वरची सगळी माहिती बरोबर पण आपल्याकडे साष्टी म्हटलं की सगळे फक्त डोंगराकडे बघतात हे मला खटकतं. बेट आहे तर त्याला कडा पण आहे ना! खाडीकाठचं जग वेगळंच आहे. तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडं खाऱ्या चिखलात उभी असतात, तिवराची श्वासमुळं ओहोटीला चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात. पांढरी चिप्पी ही २०२० पासून राज्याची कांदळवन वृक्षजाती आहे, हे प्रोजेक्टमध्ये टाकाच, शिक्षकांनाही बहुतेक माहीत नसेल. आणि या खाजणाच्या कडेला पिलूची झुडपं असतात, मिसवाकचं झाड तेच, त्यावर स्मॉल सामन अरब नावाचं छोटंसं फिक्या गुलाबी रंगाचं फुलपाखरू वाढतं. पिलू नाही तर ते नाही. डंपर येऊन एका रात्रीत भराव टाकतात तेव्हा लोकांना वाटतं चार काटेरी झुडपं गेली, गेलेली असते त्या फुलपाखराची अख्खी वस्ती.

तुम्ही मुलुंडला आहात तर भांडुप पंपिंग स्टेशनची बाजू जवळ पडेल. पण आत्ता नको, पावसात चिखल फार. नोव्हेंबरनंतर जा, ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात, लहान आणि मोठा दोन्ही जातींचे. २०१५ मध्ये खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. भरतीच्या वेळा बघून जायचं, पाणी चढत असताना पक्षी काठाजवळ सरकतात.

उषाताई_गोरेगाव:
प्राची, तुझ्या लेकीला आधी भाजीबाजारात ने गं. खरंच सांगते. पावसाळ्यात आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी, घोळ, अगदी सुरुवातीला शेवळं आणि सोबत काकडं, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. त्यांना नीट विचार कुठून आणलं, त्या सांगतात, झाड कधी कोवळं, कधी जून, कुठल्या उतारावर, सगळं. तेवढं ज्ञान मला तरी दुसरीकडे मिळालं नाही. आणि बघ, टाकळा आपण खातो आणि पिवळ्या छोट्या ग्रास यलो फुलपाखराच्या अळ्या पण तोच खातात. घोळीवर डॅनाइड एगफ्लाय फुलपाखराच्या अळ्या असतात. त्याची मादी प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करते, आणि प्लेन टायगर वाढतो रुईवर, जी रुई आपण मारुतीला वाहतो. तुमच्या स्टेशनजवळ रुळांच्या कडेला बघ, रुई असेलच. पानं उलटून बघायला शिकव तिला, एवढंच पुरे.

आमच्याकडे गोरेगावला फिल्मसिटीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे आधी विचारून जावं लागतं पण मुलांना फार छान समजावतात. संस्था १८८३ पासूनची. आणि सायन-वांद्रे लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावीजवळ, ते तर एकेकाळी कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं, १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, आता रान आहे. लहान मुलीला घेऊन पावसात सगळ्यात सोपं तेच.

सोसायटीवाला_७:
धागा चांगला चाललाय. मला एक विचारायचंय. आमच्या आवारातल्या जुन्या आंब्यावर बांडगूळ वाढलंय, फांद्या वाळतायत. एक सभासद म्हणतात काढू नका, फुलपाखरं येतात. झाड मेलं तर फुलपाखरं कुठे बसणार? मी तर सगळं छाटायच्या मताचा आहे.

रानवाटा_बोरिवली:
दादा तुमची काळजी खरी आहे, बांडगूळ आंब्याचा रस ओढतं आणि जास्त झालं तर फांदी जाते. पण सगळं छाटू नका असं कळकळीने सांगतो. हळदीकुंकू फुलपाखरू बघितलंत का, पंखांना खालून हळदीचा पिवळा आणि कडेला कुंकवाचे लाल ठिपके? त्याची मादी बांडगुळाच्या पानाखाली अंडी पुंजक्याने घालते, अळ्या ओळीने बसून खातात. तुमच्या भागातलं बांडगूळ संपलं की हळदीकुंकू संपलं. आणि त्याच्या फळावर फुलटोचा जगतो, अंगठ्याएवढा पक्षी, चिक् चिक् करत फिरतो. बी इतकं चिकट असतं की शीट करताना ते सुटतच नाही, मग तो शेपटीकडचा भाग फांदीवर घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजतं. म्हणजे बांडगुळाला पेरणारा तो आणि त्याला खाऊ घालणारं बांडगूळ. अशक्त फांद्यांवरचं काढा, जाड धडधाकट फांद्यांवर थोडं राहू द्या. आणि छाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, ती आधी घ्या. त्याच आंब्याची खालची पानंही बघा, कॉमन बॅरन फुलपाखराची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांब झोपते की तिच्या पाठीवरची पिवळी रेघ आणि शीर एकच वाटते, दोन्ही बाजूंचे काटे पानावर पसरलेले. बोट जवळ नेईपर्यंत कळत नाही.

सोसायटीवाला_७:
अर्धं ठेवायला कमिटीत मांडतो. बॅरनचं माहीत नव्हतं, उद्या मुलांना घेऊन खाली उतरतो.

मुलुंडची_प्राची:
सगळ्यांचे मनापासून आभार! औषध कॅन्सल. सासूबाईंना कॉमन मॉर्मनचा फोटो दाखवला, आता त्याच रोज सकाळी अळ्या बघतात. एकच शंका, दोन अळ्या कुंडी सोडून भिंतीवर चढल्यात, बाटलीत ठेवू का? बुलबुल सारखा येऊन बसतोय, भीती वाटते. आणि पक्ष्यांचं आत्ता पावसात काय बघता येईल?

शिवडीचा_नंदू:
बाटलीत नको. कोष करायच्या आधी अळ्या खाणं बंद करून जागा शोधत फिरतात, भिंत, ग्रील, कुंडीचा काठ कुठेही चालतं. एक काडी तिरकी टेकवून ठेवा, बहुतेक तिच्यावर जातील. शेपटीकडून रेशमाची गाठ आणि कमरेला रेशमाचा धागा बांधतात, ते रात्री किंवा पहाटे होतं, लेकीला लवकर उठवा. बुलबुल काही नेईल, गांधीलमाशीही नेईल, बऱ्याचशा अळ्या फुलपाखरापर्यंत पोचतच नाहीत, आणि तेही बरोबरच आहे. शिंपी, दयाळ, बुलबुल सगळे पिल्लांना अळ्याच भरवतात, चिमणी एरवी दाणे खाते पण पिल्लांना किडेच देते. औषध मारलेल्या सोसायट्यांत शिंप्याचं घरटं टिकत नाही ते यामुळेच.

पक्ष्यांचं म्हणाल तर नवरंग. पावसाच्या तोंडावर येतो, नॅशनल पार्कात घरटं करतो, जमिनीवरच्या पाल्यात उड्या मारत किडे खातो. दिसण्याआधी ऐकू येतो, पहाटे आणि सांजवेळी दोन सुरांची मोठी शीळ. तुम्ही पार्काला लागूनच आहात, सकाळी साडेसहाला गॅलरीत उभ्या राहा. डोंगराच्या वाटेवर मात्र त्या वेळी मुलीला घेऊन एकट्या जाऊ नका, बिबट्यांचा वावर असतो, ग्रुपबरोबर आणि वनखात्याची परवानगी असलेल्या ट्रेललाच जा.