मदत हवी आहे: आप्पांना दादाचं ऐकू येतं, वहिनीचं येत नाही

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आप्पा) ७१ वर्षांचे. इचलकरंजीत दादा-वहिनीजवळ असतात, मी पुण्यात. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली. गेली दोन-तीन वर्षं टीव्हीचा आवाज एवढा असतो की शेजारचे काका त्यांच्या ओट्यावर बसून आमच्याच टीव्हीवर बातम्या ऐकतात.

त्याचं एक सोडा. खरा गुंता असा की दादा बोलला की आप्पांना बऱ्यापैकी कळतं, वहिनीचं आणि सात वर्षांच्या नातीचं मात्र काहीच नाही. मागच्या आठवड्यात वहिनीने "पाच वाजता या, डॉक्टरांकडे जायचंय" म्हणून सांगितलं, हे सात वाजता उगवले. "तू सातच म्हणालीस" यावर ठाम. वहिनीची समजूत झालीये की ते मुद्दाम तिचं ऐकत नाहीत, आणि आता ती बोलायचीच कमी झालीये. आई असती तर हे इथवर आलं नसतं.

आणखी एक. आप्पा एकादशीच्या भजनाला जातात. परवा म्हणाले, "टाळकरी आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, नुसता पखवाज ऐकू येतो." मी त्या दिवशी तिथेच होते. टाळ कान फोडत होते!

कान तपासायचं नाव काढलं की, "मला सगळं ऐकू येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय." दादाने मध्ये ऑनलाइन दीड हजाराचं कानात घालायचं यंत्र मागवलं होतं. ते दोन दिवस शिट्ट्या मारून आता देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. त्यामुळे "मशीन" या शब्दावरच राग.

त्यांना न्यायचं कसं? आधी कोणाकडे, ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) की ऑडिऑलॉजिस्ट (किती ऐकू येतं ते तपासणारे)? तपासणीत काय करतात? खर्च किती येईल?

रिकामटेकडा: आधी मळ बघून घ्या. आमच्या तीर्थरूपांसाठी आम्ही मशीनचे भाव काढत बसलो होतो, ईएनटीने हरभऱ्याएवढा खडा काढला आणि विषय संपला. घरी तेल, काडी, हेअरपिन काही घालू नका.

कानसेन: मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. न तपासता निदान सांगत नाही, पण टाळ-पखवाजाचं तुम्ही फार नेमकं टिपलंय. वयाने आणि मागाच्या खडखडाटाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. पखवाज खालच्या पट्टीत, टाळ वरच्या. बायकामुलांचे आवाजही वरच्या पट्टीतले. भाषेतही स, श, च, त, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात नाजूक, तर आ, ओ हे स्वर दणदणीत. म्हणजे आप्पांना पाच आणि सात या दोन्हींतला फक्त 'आ' मिळतो, बाकीचं ते अंदाजाने भरतात. ते खोटं बोलत नाहीयेत, आणि वहिनींचं मुद्दाम टाळतही नाहीयेत. ओरडून फायदा नाही, ओरडल्यावर स्वरच फुगतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला.

आधी ईएनटी (मळ, पडदा, संसर्ग), मग ऑडिओमेट्री. हेडफोन लावून साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक आवाज ऐकवतात, आला की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून पुन्हा तेच. त्यावरून दोष मधल्या कानात की आतल्या, ते कळतं. या चाचणीचा आलेख निघतो. मागावर काम केलेल्यांच्या आलेखात बऱ्याचदा ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो, म्हणून कामाची माहिती आवर्जून सांगा. शब्द किती ओळखता येतात तेही बघायला सांगा. 'ऐकू येतं पण कळत नाही' ही तक्रार त्या चाचणीत उमटते.

मशीन घ्यायचंच ठरलं तर एका कानाचे पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जातात. खणातल्या यंत्राने सगळेच आवाज सरसकट मोठे केले असणार. चांगलं मशीन आलेखाप्रमाणे बसवून घ्यावं लागतं. लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, विचारा. पहिले काही आठवडे ताटवाट्यांचा आवाजही नकोसा होतो, म्हणून रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. ट्रायलला त्यांचे टाळ घेऊन जा, हे मी गमतीने म्हणत नाहीये.

आप्पा फोन कुठल्या कानाला लावतात? आणि हे हळूहळू झालं ना? एका कानाचं दोन-तीन दिवसांत एकदम गेलं असतं तर त्याच दिवशी ईएनटी गाठायला सांगितलं असतं. त्यात औषधाची वेळ निघून जाते.

मोगरा_टपोरा: मिरज जवळच आहे, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ईएनटी ओपीडीत चौकशी करा. मुंबईत कोणी असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था (ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था). ६५ च्या पुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी ३००० रुपये मिळतात, पण कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत लागतं. आणि "कान तपासू" म्हणू नका. आम्ही "बीपी बघून येऊ, जाता जाता कानही दाखवू" म्हणून नेलं होतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. हळूहळूच झालंय, फोन दोन्ही कानांना लावतात. कानसेन, तुमचा प्रतिसाद वहिनीला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता पाच वाजता म्हणतच नाही, चहाच्या वेळेला म्हणते." बीपीची युक्ती मात्र चालली नाही, बीपी सोमवारीच बघून झालंय म्हणे. शेवटी दादाने टाळाचं सांगितलं, की टाळकरी तेच आहेत, वाजवतायतही तसेच. आप्पा काही बोलले नाहीत, पण गुरुवारी मिरजेला जायचं ठरलंय. टाळ पिशवीत घातलेत, ते त्यांनी स्वतःच.