मदत हवी आहे: लग्नात कुत्र्याला स्टेजवर घ्यायचंय, पण तो आवाजाला घाबरतो

जिरूची_ताई: लग्न आहे माझं आणि मंगलाष्टकांना जिरू माझ्या शेजारी पाहिजे म्हणजे पाहिजे. भयंकर घाबरट आहे. कोणी केलंय का असं? लवकर सांगा आणि प्लीज "घरी ठेवा" सोडून सांगा, ते घरात सकाळ-संध्याकाळ ऐकतेच आहे.

भिया_५६: जात कुठली, वय किती, लग्न कुठे, कधी? आम्ही पत्रिका बघून सांगायचं का?

जिरूची_ताई: देशी आहे, चारेक वर्षांचा, जिरावण (पोह्यांवरचा मसाला) म्हणून जिरू. इंदूरलाच, खंडवा रोडला लॉन. याचा काय संबंध?

लॅबवाला_आशिष: काही होत नाही हो. आमचा लॅब्राडोर भावाच्या वरातीत डीजेपुढे नाचला, राजवाड्यापर्यंत आला. कुत्र्यांना गर्दी आवडते.

सुमाकाकू: तुमच्या लॅबला आवडते. हिचा घाबरट आहे म्हणतेय ना ती? ताई, बँड आहे का? आणि मुहूर्त कधीचा?

जिरूची_ताई: गोरज. बँड मुलाकडचे आणणार, फटाकेपण. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर लगेच आहे लग्न.

सुमाकाकू: अगं मग हेच आधी सांगायचं ना! म्हणजे दिवाळीचे फटाके सोसून कुत्रं आधीच पिचलेलं असणार. बँडचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून सोबत चिकन खाऊ घालायचं आणि आवाज थोडा थोडा वाढवत न्यायचा, हा उपाय खरा आहे, पण त्याला आठवडे लागतात आणि मधे दिवाळी आली की केलेलं सगळं पाण्यात. आत्तापासून लाग. त्याने कान मागे टाकले, ओठ चाटायला लागला, उगाच जांभया द्यायला लागला की आवाज कमी कर, खेचू नकोस.

नवलखा_नाना: एवढं कशाला? पाव गोळी झोपेची द्या, आमच्या घरी देतात, शांत पडून राहतो.

पशुवैद्य_होणार: नाना, माणसाची गोळी अंदाजाने कुत्र्याला देऊ नका हो, जीव जाईल एखाद्याचा. ॲसिप्रोमॅझिन तर कुत्र्यांचंच औषध आहे, पण नुसत्या त्यानेही अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते, फक्त पळता येत नाही. घाबरण्यासाठी ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन अशी औषधं डॉक्टर वजन बघून देतात आणि आधी एकदा घरी देऊन बघायला सांगतात, कारण एखादा उलटा बेचैन होतो. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे आत्ताच जा, लग्नाच्या आठवड्यात नको.

नवलखा_नाना: आमच्या वेळी कुत्र्यांना डॉक्टर नव्हते, तरी जगायची.

दत्तभक्त_ग्वाल्हेर: दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाईना. गुरुजी नाही म्हणाले तर हे सांगा.

भिया_५६: गुरुजींचा विषय कोणी काढला? आणि युधिष्ठिराच्या वाटेत बँड नव्हता.

वडोदरेकर: ट्रेनने आणणार असाल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन मिळाली तरच बरोबर नेता येतो. लसीकरणाचे कागद ठेवा.

जिरूची_ताई: अहो इंदूरचा कुत्रा इंदूरच्या लॉनवर जाणार आहे, ट्रेन कुठून आली! आणि साखरपुड्याला तो आला होता की, काही झालं नाही, फक्त नणंदेच्या मुलीवर गुरगुरला, चावला नाही.

सुमाकाकू: गुरगुरला??

पशुवैद्य_होणार: हे सगळ्यात पहिल्या ओळीत पाहिजे होतं. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की लांब राहा, त्याबद्दल रागवू नका, नाहीतर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आता विचार करा, अंतरपाट धरलेला, दोनशे माणसं वरून अक्षता फेकतायत, अंतरपाट निघाला की वाजंत्री एकदम सुरू, आणि मधोमध हा, पळायला जागा नाही. बाजूला पोरंटोरं. त्यापेक्षा हळदीला घ्या, सकाळी घरी, त्याचं रोजचं अंगण. गळ्यात झेंडूची सैल माळ, लगेच काढायची. पट्टा हार्नेसचा, नुसत्या गळपट्ट्यातून घाबरलेलं कुत्रं मान काढून निसटतं. फोननंबरचा बिल्ला लावा. आणि मनुका-बेदाण्याचा शिरा कोणी भरवायचा नाही, कुत्र्याच्या किडनीला घातक.

लॅबवाला_आशिष: आमचा खातो मनुका.

सुमाकाकू: आशिष, पुरे.

नवलखा_नाना: हळदीचा केटरर कोण आहे? आम्हालाही मुंजीला हवाय.

जिरूची_ताई: हळदीचं पटतंय. पण मंगलाष्टकांना दोन मिनिटं? मामा मला आणतो तेव्हा मामाच्या हातात पट्टा.

भिया_५६: मामाला विचारलंय?

जिरूची_ताई: मामा कुत्र्यांना घाबरतो. पण त्याला पटवीन मी.

पशुवैद्य_होणार: ताई, नको. एक घाबरट पुरे. फोटोच पाहिजे ना? बँड यायच्या तासभर आधी, मेकअप झाल्यावर लॉनच्या मागच्या बाजूला काढा, धाकट्या भावाबिवाबरोबर लगेच गाडीतून घरी पाठवा. पण तो भाऊ मंगलाष्टकांना नसेल, हे त्याला आधी सांगा.

जिरूची_ताई: भाऊ तयार होईल, त्याला तसंही शेरवानी घालायची नाहीये. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते. नाना, केटररचा नंबर बाबांना विचारून खासगी निरोपात पाठवते.