मदत हवी आहे: द्राक्षबागेच्या अवजारांची परीक्षणं, स्टॅटिक साइट की ब्लॉगर?

निफाडची_वेल
नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी अवजारांची परीक्षणं मराठीत लिहायची आहेत. ट्रॅक्टरवरचे ब्लोअर, एचटीपी (जास्त दाबाचे फवारणी) पंप, नोझल, छाटणीच्या कात्र्या, पीएच मीटर, रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजणारं उपकरण), एवढाच विषय. विक्रेत्यांची माहितीपत्रकं भरपूर मिळतात, मोजून तपासलेलं मात्र हाताला लागत नाही.

लिहिणारे दोघं: मी नाशिकला कॉम्प्युटरवर, भाऊ निफाडला बागेतून फोनवर. सुरुवातीला तीसेक परीक्षणं, मग खरड छाटणी आणि फळछाटणीच्या आधी दर वेळी जुन्या आकड्यांत दुरुस्ती. एचटीएमएल थोडंफार येतं, प्रोग्रामिंग नाही. डोमेनचे पैसे देऊ, होस्टिंगवर खर्च नको. वाचक व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक उघडणार, तीही बांधावर, कमी रेंजमध्ये. ब्लॉगर, वर्डप्रेस की ह्यूगोसारख्या साधनाने केलेली स्टॅटिक साइट, म्हणजे साध्या फाइलींतून आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची? आणि पुढे बदलावं लागलं तर किती त्रास?

गोदाकाठ
माझं मत ब्लॉगर. भाऊ फोनवरून लिहिणार, हे एक कारण पुरेसं आहे. होस्टिंग फुकट, स्वतःचं डोमेन जोडता येतं, एचटीटीपीएसही मिळतं. पण चार ठिकाणी लोक अडकतात.

एक, पोस्टचा पत्ता. शीर्षक मराठीत असलं की ब्लॉगर देवनागरी गाळतो आणि पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' असा बनतो, पुढच्याला मागे आकडा लागतो. तीस परीक्षणांनंतर कुठली लिंक कशाची ते ओळखता येत नाही. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये (पोस्टच्या कायमच्या पत्त्यात) रोमन लिपीत वस्तूचं नाव आणि मॉडेल स्वतः लिहा.

दोन, लेबलं. ब्लॉगरच्या मूळ रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणाऱ्या) 'सर्च' खालचे सगळे पत्ते गूगलला बंद असतात आणि लेबलांची पानं तिथेच येतात. 'ब्लोअर' लेबलाचं पान शोधात दिसेल अशी आशा धरू नका. प्रत्येक प्रकाराचं अनुक्रमणिका-पान हाताने करा.

तीन, डोमेन जोडताना डीएनएसमध्ये (डोमेन कुठे न्यायचं ते ठेवणाऱ्या नोंदवहीत) सीनेम प्रकारच्या दोन नोंदी लागतात: एक तीन डब्ल्यूची, दुसरी मालकी पडताळणीची. डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल तर या नोंदींपुढचं ढगाचं चिन्ह राखाडी ठेवा. केशरी ठेवलं की एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र अडकून बसतं आणि दोष डोमेनचा वाटतो.

चार, वर्ड किंवा गूगल डॉक्समधून मजकूर चिकटवला तर त्याचे फॉन्ट आणि अंतरं मागोमाग येतात. साधा मजकूर म्हणूनच पेस्ट करा.

वर्डप्रेस इथे बसत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, आणि स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं तर खर्चासोबत प्लगइनच्या अपडेटचं काम कायमचं गळ्यात पडतं.

टंकसाळ
गोदाकाठ यांच्या चारही सूचना बरोबर आहेत, निष्कर्षाशी मात्र सहमत नाही. धाग्यातलं महत्त्वाचं वाक्य फोनचं नाही, 'दर वेळी जुन्या आकड्यांत दुरुस्ती' हे आहे.

एकाच ब्लोअरची माहिती किमान तीन जागी लागणार: त्याच्या परीक्षणात, ब्लोअरच्या तुलना-तक्त्यात आणि बहुधा 'छोट्या ट्रॅक्टरसाठी कोणते' अशा पानावर. ब्लॉगरमध्ये हे तीन तक्ते एचटीएमएलमध्ये वेगवेगळे लिहिलेले असतात. एका ठिकाणी दुरुस्ती झाली, दुसरीकडे राहिली, की वाचकाला दोन पानांवर दोन आकडे दिसतात. परीक्षणाच्या साइटवरचा विश्वास तिथेच संपतो. ह्यूगोमध्ये सगळी मापं एका फाइलीत ठेवता येतात आणि तिन्ही पानं तिथूनच तक्ता उचलतात. आकडा एकदा बदलला की सगळीकडे बदलला.

साइट ठेवायची जागा म्हणून क्लाउडफ्लेअर पेजेस घ्या. फुकट योजनेत महिन्याला ५०० बिल्ड (फाइलींतून साइट नव्याने तयार करणं), २०,००० फाइली आणि एका फाइलीला २५ एमबीची मर्यादा आहे. तुमच्या कामाला हे पुरून उरतं. गिटहब या फाइली जपणाऱ्या सेवेवर मूळ मजकूर ठेवा, पण साइट गिटहब पेजेसवरून चालवू नका. ऑनलाइन व्यवसायासाठी फुकट होस्टिंग म्हणून ते वापरायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, आणि खरेदीच्या लिंकांवर कमिशन घेणार असाल तर उगाच वाद नको.

कमी रेंजचा मुद्दाही इथे सुटतो, पण फोटो नीट हाताळले तरच. हल्लीच्या फोनचा फोटो ४-५ एमबीचा असतो. ह्यूगो तो ८०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलका फोटोप्रकार) करून देतो. मात्र मूळ फोटो 'कंटेंट' फोल्डरमध्ये लेखाशेजारी ठेवला तर छोट्यासोबत मूळही साइटवर जातो, आणि त्यात बागेचं जीपीएस ठिकाण नोंदलेलं असू शकतं. मूळ फोटो 'असेट्स' फोल्डरमध्ये ठेवा आणि टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) फक्त लहान केलेल्या प्रतीची लिंक द्या.

निफाडची_वेल
दोघांचेही आभार. आकडे तीन जागी लागणार हे लक्षातच आलं नव्हतं. पण भाऊ गिटहब उघडणार नाही, हे नक्की. त्याच्याकडून माहिती यायची कशी? आणि पत्ते देवनागरीत ठेवले तर वाचायला सोपे नाहीत का?

टंकसाळ
पत्ते देवनागरीत नकोत. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रासुद्धा, पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ जागा घेतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर ती चार ओळींची लांबलचक माळ दिसते आणि लोकांना फसवी लिंक वाटते. वर्डप्रेसमध्ये तर स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) २०० जागांवर तुटतो, म्हणजे मराठीची जेमतेम २२ चिन्हं. ह्यूगोमध्ये प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'स्लग' रोमनमध्ये लिहा. शीर्षक आणि मजकूर मराठीतच राहू दे.

भाषेचा कोड मात्र मराठीचाच द्या, 'एमआर'. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यात ते या कोडमुळेच आपोआप येतात; हिंदीचा कोड राहिला तर हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट दोनच वजनांत घ्या, साधा आणि ठळक. देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा मोठी असते.

गोदाकाठ
मापांसाठी वेगळी फाइल हा मुद्दा पटला. ब्लॉगरचा आग्रह मागे घेतो. भावासाठी गूगल फॉर्म करा. वस्तू, मॉडेल, तारीख, दाब, पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे) फेरे, लिटर प्रति मिनिट, शेरा, आणि फोटोसाठी फाइल अपलोडचा प्रश्न. फोटो थेट ड्राइव्हवर पडतात, व्हॉट्सअ‍ॅपसारखे दाबून लहान होत नाहीत. उत्तरं शीटमध्ये जमतात. तिथून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) उतरवा आणि 'असेट्स' फोल्डरमध्ये टाका; ह्यूगोच्या 'डेटा' फोल्डरमध्ये सीएसव्ही चालत नाही. मधे एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीत तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

मोजण्याची पद्धत आधी ठरवा आणि साइटवर वेगळ्या पानावर लिहा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून, दाब स्थिर झाल्यावर प्रत्येक नोझलचं १ मिनिटाचं पाणी मोजपात्रात घ्या. त्याच नमुन्याच्या नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी निघालं तर ते झिजलंय, बदलायला हवं. सगळ्या नोझलांची सरासरी एकटी छापू नका. डावी-उजवी बाजू वेगळी द्या, कारण ब्लोअरमधला फरक तिथेच कळतो. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्याला लावा आणि रसाचं तापमान नोंदवा. ब्रिक्सचं (रसातल्या साखरेचं) माप साधारणपणे २० अंश सेल्सिअसला धरतात. तापमान भरपाई नसलेलं मीटर एप्रिलच्या उन्हात वेगळाच आकडा दाखवतं.

निफाडची_वेल
ठरलं तर मग, ह्यूगो आणि फॉर्म. दोन शंका उरल्या: प्रतिक्रिया कुठे घ्यायच्या, आणि खरेदीच्या लिंका देताना काय पाळायचं?

टंकसाळ
गिटहबवर चालणाऱ्या प्रतिक्रिया-खिडक्या शेतकरी वाचकाला निरुपयोगी, कारण त्याचं तिथे खातं नसतं. लेखाखाली व्हॉट्सअ‍ॅपची 'डब्ल्यूए डॉट मी' (wa.me) लिंक द्या, तीत वस्तूचं नाव आधीच भरलेलं ठेवा. घरचा नंबर देऊ नका, वेगळा घ्या. उपयोगी उत्तरं त्या माणसाला विचारून लेखात घाला.

कमिशनची लिंक असेल तर तिच्या एचटीएमएलमध्ये 'रेल' (rel) या गुणधर्मात 'स्पॉन्सर्ड' लिहा आणि कमिशन मिळतं हे लेखाच्या वरच मराठीत स्पष्ट लिहा, तळाला नको. अ‍ॅमेझॉनच्या कमिशन-कार्यक्रमात किंमत हाताने टाइप करून दाखवायला परवानगी नाही. तसंही पिंपळगाव बसवंतच्या दुकानातला भाव आणि ऑनलाइन भाव वेगळा असणारच. तुम्ही दुकानातला भाव तारखेसह लिहा, वाचकाला त्याचाच उपयोग जास्त. विक्रेत्याने वस्तू वापरायला फुकट दिली असेल, तर तेही तिथेच लिहा.

गोदाकाठ
पुढे बदलायची वेळ आली तर मजकूर मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी लिहिलेल्या) फाइलींत आहे, डोमेन तुमचं आहे. पत्ता बदललाच, तर लेखाच्या माथ्यावर 'अलायसेस'मध्ये जुना पत्ता लिहा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंका मरणार नाहीत.

आणि पहिल्याच दिवशी 'लेख टाकला पण दिसत नाही' असं होईल. आधी लेखाच्या माथ्यावर 'ड्राफ्ट' (कच्चा लेख) 'ट्रू' राहिलंय का बघा. नसेल तर वेळ तपासा: सेटिंगमध्ये टाइमझोन नसेल तर ह्यूगो तुमची वेळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतो, म्हणून सकाळी १० चा लेख त्याच्या लेखी दुपारी साडेतीनपर्यंत भविष्यातला असतो. नंतर आपोआप येईल असंही नाही, पुन्हा बिल्ड करावी लागते. टाइमझोन एशिया/कोलकाता असा लिहून टाका.