धडधड, घाबरणं आणि समुद्र: सुरुवात कुठून करावी?

खाडीपलीकडचा
धाकट्या भावाला (वय २९) अचानक धडधडणं, श्वास अडकल्यासारखं होणं असा त्रास आहे. हृदयाच्या तपासण्यांत काही निघालं नाही. मानसोपचारतज्ज्ञांचं औषध चालू आहे, फरकही चांगला आहे, पण घराबाहेर पडणं फार कमी झालंय. बरेच जण सांगतात, मालवणला नेऊन एकदा स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी) करून आणा, भीती मोडेल. अशी एका फटक्यात भीती मोडते का? आम्ही रत्नागिरीत राहतो. पोहणं त्याला जेमतेम येतं. क्रम कसा ठेवावा आणि कशापासून जपावं?

सावकाश
एका फटक्यात मोडत नाही, उलट वाढू शकते. भीतीची लाट चढते, बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला पोचते आणि माणूस तिथेच थांबला तर आपोआप ओसरते. टोकाला असताना पळ काढला, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पहिल्याच स्कुबात नेमकं हेच होण्याची शक्यता असते. सगळं प्रशिक्षकाच्या हातात असतं, आपण नुसते ओढले जातो. घाबरून मध्येच वर आलो की धडा उलटा बसतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेची, म्हणजे 'हे मला जमेल' या विश्वासाची, कल्पना मांडली. त्यात आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. म्हणून पायऱ्या लहान असाव्यात, त्या पुन्हा पुन्हा कराव्यात आणि पुढची पायरी कधी चढायची हे भावानेच ठरवावं.

पहिले दोन आठवडे पाण्यात जायचंच नाही. पुळणीवर, मऊ वाळूत, आठवड्यातून चार दिवस २० मिनिटं भरभर चालायचं आणि मध्ये एकेक मिनिट पळायचं. वाळूत पाय रुततात, त्यामुळे छाती लगेच धडधडते. ही धडधड आणि भीतीच्या झटक्यातली धडधड शरीराला सारखीच वाटते, म्हणून हा नुसता व्यायाम नाही. धडधडलं तरी काही होत नाही, हे इथे अंगवळणी पडतं. मग गुडघाभर पाणी, मग कमरेइतकं, मग तोंड पाण्यात. दर वेळी ० ते १० मध्ये भीतीचा आकडा विचारा. ७ वर गेला तर त्याच जागी उभं राहायचं, ३-४ वर आल्यावरच बाहेर यायचं. पाण्याची ओढ जाणवली तर मात्र आकड्याची वाट बघू नका, तडक बाहेर या. एक पायरी तीनदा नीट झाली की पुढची.

आणि फोटोसाठी घाई करू नका. कडेला कोणी कॅमेरा धरून उभं असलं की माणूस भीती लपवतो, आकडा खोटा सांगतो.

तिथीपाऊणपट
वरचा क्रम योग्य आहे, पण वेळ चुकली तर गुडघाभर पाणीही घाबरवतं. कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. षष्ठीला ६ ची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पाणी भरतं आणि पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

नवशिक्याला सर्वांत सोयीच्या दशमी-एकादशीच्या सकाळी, शुद्ध आणि वद्य दोन्ही. भरती साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे साडेसहा-सातला उतरलं की पाणी किनाऱ्याकडे येत असतं. भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने ओढ कमी असते आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात नवख्या माणसाला उतरवू नका. ओहोटी लागली की बाहेर या.

भाट्याच्या किनाऱ्यावर काजळी नदीच्या मुखाकडे जाऊ नका, ओहोटीला तिथलं पाणी जोरात बाहेर पडतं. गणपतीपुळ्याला पाण्यात उतरणं टाळाच. कुठेही दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधली पट्टी शांत, गढूळ दिसतेय, तर तिथूनच पाणी आत ओढतं. लोक नेमके तीच पट्टी शांत म्हणून निवडतात. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, मग बाहेर या. खडकांपाशी अनवाणी फिरू नका, कालवांची कवचं ब्लेडसारखी कापतात. जून ते ऑगस्ट समुद्र पूर्ण बंद.

पाणबुड्या
मालवणचा विचार दोनेक महिन्यांनी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसानंतर पाणी निवळायला वेळ लागतो, आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचं दिसेनासं झालं की धीट माणूससुद्धा गडबडतो.

आधी छातीभर पाण्यात स्नॉर्केल, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखाली बघणं. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. केस कडेखाली अडकले की पाणी झिरपतं, मिशी असली तर हमखास. काचेला आतून थुंकी चोळून पाण्याने विसळली की धुकं धरत नाही. मग १० मिनिटं फक्त तोंडाने श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. घाबरलेला माणूस भराभर आत ओढतो आणि पुरतं बाहेर सोडतच नाही, म्हणून हवा असूनही गुदमरल्यासारखं होतं. बाहेर सोडणं लांबवलं की बहुतेकांचं निवळतं.

स्कुबाच्या अर्जात त्रास आणि औषधं खरी लिहा, डॉक्टरांची लेखी संमती घ्या. सर्दी असेल तर बुडी नाहीच. खाली जाताना दर अर्ध्या मीटरला नाक चिमटून हलकी फुंकर मारून कान मोकळे करायचे. दुखायला लागण्याआधीच करा, दुखल्यावर जोर लावाल तर पडद्याला इजा होते. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर या. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, फुप्फुसातली हवा फुगत असते.

खुणा पाण्याबाहेरच पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे 'वर जायचंय', 'मजेत आहे' असं नव्हे. मजेत असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. ही गल्लत फार होते. प्रशिक्षकाला आधीच सांगा, अंगठा दिसला की प्रश्न न विचारता सावकाश वर. हव्या त्या क्षणी वर जाता येतं हे माहीत असलं की माणूस खाली जास्त वेळ टिकतो.

एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या झाल्या तर १८ तास विमानप्रवास नको.

खाडीपलीकडचा
सर्वांचे आभार. रात्री झोपेची गोळीही असते. आणि स्कुबाऐवजी कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) चालेल का?

सावकाश
गोळीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळत असेल तर पाण्यात उतरवू नका, डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. गोळी मनाने बंद करायची नाही. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर घाम आणि पाणी कमी पिणं यांनी त्याची रक्तातली पातळी वाढते, तेही विचारा. मोठ्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी मन थोडं खाली येतं, त्याला आजार परतला असं समजू नका. खालीपणा टिकला किंवा जीव देण्याचं काही बोलू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

तिथीपाऊणपट
कयाक उत्तम, वल्हं त्याच्याच हातात राहतं. तारकर्लीला कर्ली खाडीत करा, उघड्या समुद्रात नको. भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटी लागताच परतायचं, म्हणजे दोन्ही वेळा पाणी ढकलतं. खाडीच्या मुखाच्या बरंच आधी थांबा. लाइफ जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात कयाक मुद्दाम तीनदा उलटवायला लावा: आधी वल्हं पकडायचं, मग कयाकची कड, मग मागच्या बाजूने पोटावर चढायचं.