अधिशोषण, अवशोषण की नुसते चिकटणे?

प्रश्न : भारित पॉलिमर, म्हणजे विद्युतभार असलेले साखळीसारखे लांब रेणू, काचेसारख्या घन पृष्ठभागावर बसतात, त्याला कुणी अवशोषण लिहितो, कुणी अधिशोषण. सरळ 'चिकटणे' का म्हणू नये?

उत्तर : अवशोषण नकोच. स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी आत जाते. इथे साखळी काचेच्या आत शिरत नाही, वरच राहते. म्हणून अधिशोषण. 'काच पॉलिमर शोषते' असेही लिहू नये, 'पॉलिमर काचेवर अधिशोषित होतो' लिहावे.

'चिकटणे' बोलण्यात चालेल, पण त्यामुळे सगळे श्रेय आकर्षणाला जाते आणि खरी गंमत हातची सुटते. उदासीन सामूच्या पाण्यात काचेचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, पॉलिलायसिन या पॉलिमरची साखळी धनभारित. दोघांभोवती विरुद्ध भाराचे छोटे आयन आधीपासूनच गोळा झालेले असतात. साखळी काचेवर टेकली की ते मोकळे होऊन पाण्यात पसरतात. एक साखळी जखडली जाते, पण तिच्या बदल्यात कितीतरी आयन सुटतात आणि एकूण एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचे माप) वाढते. पुष्कळदा अधिशोषणाला मुख्य जोर इथूनच मिळतो.

प्रश्न : साखळी पूर्ण आडवी पडते का?

उत्तर : पाण्यात मीठ कमी असेल तर जवळजवळ आडवी, कारण तिचे भार एकमेकांना ढकलून तिला ताठ ठेवतात. मीठ वाढले की भार झाकले जातात, ०.१ मोलार द्रावणात त्यांचा प्रभाव जेमतेम १ नॅनोमीटर पोहोचतो. मग साखळी सैल होते, काही भाग टेकलेला, काही कमानीसारखा वर, टोके मोकळी, आणि थर जाड होतो. बंध निव्वळ विद्युतभाराचाच असेल, तर मीठ फार झाल्यावर साखळी सुटूनही येते.

दुसरे उत्तर : पॉलिमर बसला की 'पृष्ठभागाचा भार उदासीन होतो' असे लिहितात, हे वाक्यही तपासून वापरावे. बहुधा गोष्ट तिथे थांबत नाही, भार उलटतो. ऋण पृष्ठभाग धन होतो, आणि त्यावर ऋण पॉलिमरचा पुढचा थर बसवता येतो. १९९० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ गेरो डेखर यांनी याच युक्तीने थरावर थर चढवण्याची पद्धत रूढ केली. मला तरी यासाठी 'भार उलटणे' हेच नेमके वाटते. गढूळ पाण्यात धन पॉलिमर बेताने घातला तर ऋणभारित मातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. जास्त झाला तर सगळे कण धनभारित होऊन पुन्हा एकमेकांना दूर सारतात आणि पाणी गढूळच राहते. 'उदासीन' म्हटल्याने यातला पहिला अर्धा भागच कळतो.